आकडीचा आकडा

आमच्या मसुरखोलात 'फिट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि दोन्ही वेळा तो सारखाच उच्चारतात. माणूस खाली पडून हातपाय झाडू लागला की त्याला फिट आली. तोच माणूस चार दिवसांनी चहा पिताना दिसला की तो फिट आहे. आमच्या ग्रामीण रुग्णालयात घरी सोडतानाच्या कागदालाही सगळे 'फिट सर्टिफिकेट'च म्हणतात. म्हातारी माणसं 'आकडी' म्हणतात, तेवढाच काय तो गोंधळ कमी. या शब्दाच्या आड दोन बायका लपल्या. त्यातली एक मी.

मी दीपाली कांदळगावकर. खाडीपलीकडे तारकोंडच्या ग्रामीण रुग्णालयात मेंदूआलेख, म्हणजे ईईजी, काढायचं काम करते. रोज सकाळी आठ दहाची लाँच आणि संध्याकाळी साडेपाचची लाँच. खाडीवर पूल होणार असं मी जन्मल्यापासून ऐकते आहे. चार खांब उभे राहिले, त्यांच्यावर पाणकावळे बसतात, आणि गाव अजून लाँचनेच जातं. डिझेलच्या लाँच गेल्या, विजेच्या आल्या, एवढीच प्रगती.

ती लाँच चालवायचे जनार्दन खोबरेकर, सगळ्या गावाचे जनूकाका. दहावीच्या पहिल्या पेपरला मला उशीर झाला होता. मी धक्क्यावर धापा टाकत पोचले तेव्हा लाँच सुटून पाचपन्नास हात गेली होती. काकांनी ती वळवून परत आणली. सगळे प्रवासी ओरडत होते आणि हा माणूस मला सांगत होता, "रडतंस कित्याक? पेपर खय पळान जातलो? बस थय." हे मी इथे का लिहिते आहे ते पुढे कळेल.

दोन वर्षांपूर्वी काकांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली, चेहरा वाकडा झाला. वेळेत आणलं, गुठळी विरघळली, आणि आठवड्याभरात ते आधाराने उभे राहू लागले. हात थोडा जड राहिला एवढंच. वॉर्डात सगळे खूश होते. आमच्याकडे असे पेशंट सहसा इतके सुधारत नाहीत.

आठव्या दिवशी नियमाप्रमाणे 'पूर्वसूचना' नावाच्या यंत्रावर तपासणी करायची होती. हे यंत्र तेव्हा सगळ्या तालुक्यांत नवीनच आलं होतं. डॉक्टर मुजावर मिरजेचे, समजावून सांगायची त्यांना हौस. काकांच्या बायकोला, सुहासकाकीला, त्यांनी खुर्चीवर बसवलं.

"बघा मावशी, मेंदूचा जो तुकडा मेला, तिथं आता व्रण राहणार. जखम भरल्यावर कातडीवर राहतो तसा. त्या व्रणाच्या कडेच्या पेशी पुढं कधीतरी बिघडतात. एरवी त्या आपापल्या वेळेला बोलतात. बिघडल्या की सगळ्या एकदम ओरडायला लागतात. ती फिट. कुणाला सहा महिन्यांनी येते, कुणाला चार वर्षांनी, पुष्कळांना कधीच येत नाही. कुणाला येणार ते आधी सांगता येत नव्हतं. आता येतं."

"कसा?" काकीने विचारलं.

"पक्षाघाताचा झटका किती मोठा होता, मेंदूच्या वरच्या थराला लागला का, कुठली रक्तवाहिनी बंद झाली, रक्तात मेलेल्या पेशींचं प्रथिन किती आहे, आणि या बाई पेशंटला तारांची टोपी घालून वीस मिनिटं आलेख काढतील तो. हे सगळं लाखभर जुन्या पेशंटांशी ताडून यंत्र आकडा देतं. पाच वर्षांत फिट यायची शक्यता शंभरात किती. पण सगळ्यात वजनदार प्रश्न एकच. झटक्यानंतर पहिल्या सात दिवसांत एखादी फिट आली होती का?"

तो प्रश्न विचारणं माझं काम होतं; डॉक्टर तेवढ्यात पुढच्या खाटेकडे वळले. बाजूच्या खाटेवर वाफेचं मशीन घरघरत होतं. मी टॅब पुढे धरला. तो बोललेलं ऐकून लिहून घेतो.

काकी म्हणाली, "तिसऱ्या दिसाक फिट…" आणि पुढचं मशीनच्या आवाजात गेलं. पण तिने डावा हात वर करून दाखवला. मनगटातून बोटं थडथड हलवली, थांबवली, परत हलवली. मग माझ्या कानाशी येऊन सांगितलं: पहाटे नर्स चहाला गेली होती, काका ग्लानीत होते आणि त्यांचा हात असा मिनिटभर नाचत होता. काकांना त्यातलं काही आठवत नव्हतं. टॅबवर उमटलं: 'तिसऱ्या दिवशी फिट'. मी 'हो' या चौकोनावर बोट टेकवलं. हाताला फॉर्मात जागा नव्हती.

आकडा आला एकसष्ट.

"मग औषध काय?" काकीने विचारलं.

परत आलेल्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "फिट आली की औषध आहे. यायच्या आधी दिलं तर ती टळते असं अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. नुसतं सावध राहायचं."

म्हणजे सांगता येतं, थांबवता येत नाही. मला या यंत्राचा पहिल्या दिवसापासून राग होता तो याचसाठी. त्यातून सरकारने नियम असा केला की वीस किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो आपोआप परवाना खात्याकडे जातो. ट्रक, एसटी, रिक्षा, लाँच, क्रेन, सगळे परवाने पाच वर्षं बंद. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. काकांच्या फोनवर निरोप आला तेव्हा ते माझ्यासमोर पेज खात होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेजेचं भांडं खाली ठेवलं.

पुढचं वर्षभर मी त्या घरी जात येत होते आणि एका न आलेल्या फिटने घर कसं चालवलं ते पाहत होते. काकीने न्हाणीघराची कडी काढून टाकली. काका आंघोळीला गेले की ही दाराबाहेर उभी. विहिरीवर जाळी बसवली. चुलीपाशी जायचं नाही, माडाला हात लावायचा नाही, दगडी गडग्यावर चढायचं नाही. मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा नातू काकांच्या मांडीवर दिला तर दोन्ही बाजूंना दोन माणसं बसलेली. काका एकदा हसत म्हणाले, "हेका बघूक दिल्यानी ह्याच मोठी गोष्ट." दुसऱ्या वेळेला त्यांनी बाळ मागितलंच नाही.

सकाळी ते धक्क्यावर येऊन बसायचे. त्यांच्या जागी आलेला मुलगा लाँच लावताना खांबाला घासायचा, आणि हे नुसते बघायचे. मी "काका, काय म्हणता?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकसष्ट." गावातली पोरंही त्यांना मागून तेच म्हणायची. वर्ष झालं, फिट आलीच नाही. वजन मात्र अकरा किलोने उतरलं.

एका दुपारी काकी रुग्णालयात आली. माझ्या खोलीचं दार तिने आतून लावून घेतलं.

"आज ओहोटी होती," ती म्हणाली. "हे पाण्यात जावन उभे रवले. कमरेभर. हाक मारलंय तरी वळूक नाय. भरती चढाक लागली तेवा मीच आत शिरलंय आणि हाताक धरून आणलंय. काय बोलूक नाय, रडूक नाय. दिपू, माणूस मरतलो माझो."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवा मी फिट म्हटलंय ना, ता 'बरे असत' म्हणान. तिसऱ्या दिसाक बरे होते, फिट होते. तुका ऐकूक चुकला असतला."

ती हे घरून ठरवून आली होती. टॅबवरचा आवाज तीस दिवसांनी पुसला जातो. राहिले होते तीन शब्द: तिसऱ्या दिवशी फिट. ते कसेही वाचा. दुरुस्तीच्या अर्जाला दोन सह्या लागतात, सांगणाऱ्याची आणि नोंदवणाऱ्याची.

मला ऐकायला चुकलं नव्हतं. मला तो हात स्वच्छ आठवत होता, बोटं किती वेळा हलली तेही. काकीला माहीत होतं की मी पाहिलं आहे. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बसलो. मला पाण्यात उभे असलेले काका दिसत होते आणि माझ्यासाठी परत वळलेली लाँच दिसत होती. आणि मनात हिशेब चालू होता: वर्ष तर गेलं, आता नाही येणार, एकसष्ट म्हणजे काही शंभर नव्हेत.

"सही करशीत मां?" तिने विचारलं.

मी केली.

डॉक्टर मुजावरांनी अर्ज वाचला आणि ते कपाळाला हात लावून हसले. "काय शब्द आहे ओ बाई तुमचा! एका माणसाचं वर्ष खाल्लं." त्यांना मालवणी कळत नव्हती, त्यामुळे त्यांना हे अगदी पटलं. त्यांनी 'हो'चं 'नाही' केलं. यंत्राने पुन्हा आकडा काढला. चौदा.

काकांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मग काकीकडे वळून म्हणाले, "तुझ्या त्या इंग्रजी बोलण्याक मी वरीसभर घरात बसलंय!" आणि पोट धरून हसले. काकीही हसली. मला तिथे थांबवेना.

काका परत चाकावर आले त्या दिवशी लोकांनी लाँचला हार घातला. महिन्याभरात त्यांचं अंग भरलं. धक्क्याला लाँच अशी लावायचे की पाण्याचा ग्लास हलू नये. आणि काकी डबा घेऊन रोज लाँचवर येऊ लागली. चाकाच्या बाजूला स्टुलावर बसायची. लोक थट्टा करायचे, "म्हातारपणी लगीन झाला काय गो नवीन?" तिची नजर कुठे असते ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती काकांच्या डाव्या हाताकडे बघत असायची. हे मला कळलं, कारण मीही तिकडेच बघत असायचे.

एकदा काका धक्क्यावर उतरले असताना मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "काकी, मी हात बघितलेलो."

"माका ठाव हा," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आम्ही वाटणी केली. सकाळच्या खेपेला मी, बाकी दिवसभर ती. फिट आली तर काय करायचं ते मी तिला माझ्या खोलीत नीट शिकवलं. जमिनीवर घ्यायचं. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालायचं नाही. आणि माणसाला सोडून जायचं नाही. उशीवर चार वेळा करून घेतलं. ती चटकन शिकली. मला फार बरं वाटलं, जणू मी झाल्या गोष्टीची भरपाई करत होते.

लाँचला पायाखाली एक पट्टी असते. चालवणाऱ्याचा पाय उचलला गेला की लाँच थांबते. कंपनीने ती मुद्दाम बसवली आहे. पण खाडीच्या मुखाशी लाटेवर पाय हलतो, लाँच मधेच बंद पडते आणि प्रवाहात फिरते, म्हणून आमच्याकडे प्रत्येक तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, ती पट्टी नायलॉनच्या दोरीने दाबून बांधून ठेवतो. इतकी वर्षं सगळ्यांनीच बांधली. मी रोज ती दोरी बघत होते. मला कधी काही सुचलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहावीचा पेपर होता. सकाळची खेप असूनही काकी आली होती, कारण नंतर दोघांना तारकोंडला लग्नाला जायचं होतं. ती आहे म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि फोन काढला. लाँचमध्ये तेवीस माणसं होती. धक्का सुटला तेवढ्यात दहावीतली आर्वी मांजरेकर दप्तर सांभाळत धावत आली. काकांनी लाँच मागे घेतली. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं, "पेपर खय पळान जातलो? बस थय." ती पुढच्या बाकावर बसली, कारण तिला तिथे लगेच जागा मिळाली.

खाडीच्या मधोमध मी मान वर केली ती काकीच्या हाकेने. ओरडणं नव्हतं, नुसती "दिपू!" अशी हाक. काकांचा डावा हात चाकावर थडथडत होता. मग खांदा, मग मान. मी माणसांतून वाट काढत पुढे धावले. काकीने सगळं बरोबर केलं. स्टूल लाथेने बाजूला सारलं, त्यांना खाली घेतलं, कुशीवर वळवलं, पदराची घडी डोक्याखाली दिली, आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून बसली. इतकं बरोबर मी वॉर्डातल्या नर्सना करताना पाहिलेलं नाही.

चाकाला कुणीच हात लावला नाही. पट्टी दोरीने बांधलेली होती. विजेच्या लाँचला आवाज नसतो, त्यामुळे ती पूर्ण वेगात आहे हे कुणाला जाणवलंही नाही. मी चाकापासून चार हातांवर होते तेव्हा पुलाचा तिसरा खांब समोर आला.

पुढची बाजू फाटली. पुढच्या बाकावरच्या आर्वीला आणि टपाल वाटणाऱ्या परुळेकरमामांना पाण्यातून काढलं तेव्हा उशीर झाला होता. बाकीचे वाचले. माझा हात मोडला. काकांना खरचटलंसुद्धा नाही, कारण काकीने त्यांना सोडलं नव्हतं.

तारकोंडच्या त्याच वॉर्डात काका शुद्धीवर आले. दाराशी पोलीस बसला होता. काकी भिंतीला टेकून उभी होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "तू सांगलंस तसाच केलंय." तिने तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टर मुजावर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "स्वतःला लावून घेऊ नका बाई. चौदा म्हणजे शून्य नव्हे. शंभरात चौदांना येतेच. यंत्र चुकलेलं नाही." त्यांनी टॅब माझ्या चांगल्या हातात दिला. फिट आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद परत यंत्राकडे जाते, त्यावरून ते शिकतं. फॉर्म आधीच भरलेला होता. पहिल्या सात दिवसांत फिट: नाही. खाली 'कायम करा' असं बटण. दाबलं की संपलं. मी आणि काकी दोघी सुटलो असतो. आणि यंत्र शिकलं असतं की लवकर फिट न आलेल्यांनाही नंतर अशी येते. कुठेतरी एखाद्या रिक्षावाल्याचा एकोणीसचा वीस झाला असता आणि त्याच्याही न्हाणीघराची कडी कुणीतरी काढून टाकली असती. आमच्या खोट्याचे पाय तिथपर्यंत पोचणार होते.

काका आढ्याकडे बघत होते. "दिपू, माका कायव आठवणा नाय," ते म्हणाले. "कोण कोण गेला?"

मी सांगितलं. आर्वीचं नाव ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"मीच लाँच मागे घेतलंय तिच्यासाठी," ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले. "चौदाच होते ना? माका खरा सांग. जास्ती असते, माका कोणी सांगला असता, तर मी चाकाक हात लावलो नसतो. घरात बसान मेलो असतो, पण लावलो नसतो."

रडायचा मला काही अधिकार नव्हता. मी टॅब काकीपुढे धरला आणि कामावर असल्यासारखा तो प्रश्न परत विचारला, पहिल्या वेळी विचारला होता तसाच, शब्दाला शब्द. झटक्यानंतर पहिल्या सात दिवसांत एखादी फिट आली होती का?

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बाजूच्या खाटेवरचं वाफेचं मशीन त्या दिवशी बंद होतं.

काकीने डावा हात वर केला आणि मनगटातून बोटं थडथड हलवली, थांबवली, परत हलवली.

जनूकाका त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि चादरीखाली सारला.

मी 'हो'वर बोट टेकवलं.